विमानांसाठी डीएसएलआर: निवडीच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

काय हवं आहे ते आधी लिहून ठेवतो. पुढे मोह झाला की इथे परत येऊन वाचता येईल.

उडत्या विमानांचे फोटो काढायचे आहेत. एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), एक लेन्स, दोन्ही हातात धरून. ट्रायपॉड नाही. विषय तीन: प्रवासी जेट, प्रोपेलरची विमानं (सेसना १७२ सारखी प्रशिक्षणाची, एटीआरसारखी टर्बोप्रॉप) आणि हेलिकॉप्टर. लढाऊ विमानं हवाई प्रदर्शनात वाट्याला येतील तेवढीच.

मिररलेस (आरसा नसलेला, दृश्य छोट्या स्क्रीनवर दाखवणारा कॅमेरा) का नाही, हे प्रत्येक जण विचारतो. निकॉनच्या झेड८ मध्ये २०२३ पासून खास विमान ओळखणारा फोकस आहे, हे मान्य. पण निळ्या आभाळात एक ठिपका शोधून त्याच्यामागे कॅमेरा फिरवायचा तर मला काचेतून थेट दिसणारं दृश्य आवडतं. त्यात स्क्रीनचा उशीर नाही आणि बॅटरी दिवसभर पुरते. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती केळ्यासारखी वाकलेली उमटतात. यांत्रिक शटरचा पडदाही वरून खाली सरकतोच, पण कितीतरी चपळाईने, त्यामुळे वाकडेपणा सहसा डोळ्यात भरत नाही. (मिररलेसमध्येही यांत्रिक शटर असलेल्या बॉडी आहेत, म्हणून हे कारण अर्धंच धरावं. खरं कारण व्ह्यूफाइंडर.)

यादीत चार बॉडी: निकॉन डी५०० (२०१६), निकॉन डी७५०० (२०१७), कॅनन ७डी मार्क टू (२०१४), कॅनन ९०डी (२०१९). चारही क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या. मोठ्या सेन्सरचा निकॉन डी८५० यादीतून काढला. ४५.७ मेगापिक्सेल ऐकायला छान वाटतात, पण विमान दूर असलं की मधला तुकडाच कापून वापरायचा आणि त्यात साधारण १९ मेगापिक्सेल उरतात. तेवढे डी५०० मध्ये कमी वजनात मिळतात.

९ जानेवारी

आकडे एका ठिकाणी.

डी५००: २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस बिंदू, त्यातले ९९ क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारे), हाताने निवडता येणारे ५५. चांगलं कार्ड असेल तर सलग २०० रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फ्रेमपर्यंत बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरत नाही. डी७५००: सेन्सर तशाच २०.९ मेगापिक्सेलचा, ८ फ्रेम, ५१ बिंदू, १५ क्रॉस, बफर ५० रॉ. ७डी मार्क टू: २०.२ मेगापिक्सेल, १० फ्रेम, ६५ बिंदू आणि सगळे क्रॉस, बफर ३१ रॉ. ९०डी: ३२.५ मेगापिक्सेल, १० फ्रेम, ४५ बिंदू, सगळे क्रॉस, बफर पंचविसेक रॉ.

हा तक्ता वाचून कोणीही डी५०० उचलेल. मीही तसाच कललोय. पण तक्त्यात लेन्स नाही, विमानही नाही. त्यामुळे बॉडीचा विषय तूर्त मिटवून ठेवतो.

१४ जानेवारी

किती मिलिमीटरची लेन्स लागेल याचं गणित सोपं आहे. सेन्सरवरची प्रतिमा म्हणजे विमानाची लांबी गुणिले फोकल लेंग्थ (लेन्सचे मिलिमीटर) भागिले अंतर. कॅननचा क्रॉप सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे, म्हणजे विमानाने त्यातले १८ मिमी व्यापले की फ्रेम छान भरते.

एअरबस ए३२० ची लांबी ३७.५७ मीटर. ५०० मीटरवरून बाजूने दिसत असेल तर २४० मिमी पुरे. बोइंग ७४७-८ या जंबोची लांबी ७६.३ मीटर, तिला त्याच अंतरावर १२० मिमीसुद्धा लागत नाही. आता सेसना १७२ घ्या. लांबी फक्त ८.२८ मीटर. ती २०० मीटरवर असली तरी ४३५ मिमी हवी. १५ मीटरचं एफ-१६ ४०० मीटरवर असेल तर ४८० मिमी. म्हणजे मोठी लेन्स मोठ्या विमानासाठी लागत नाही, छोट्यासाठी लागते. ६०० मिमीची झूम घेऊन धावपट्टीच्या टोकाशी उभे राहणारे बरेच दिसतात, आणि जंबो डोक्यावरून गेलं की त्यांच्या फ्रेममध्ये फक्त चाकं उरतात.

तेही आकड्यात बसतं. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं. चाकं टेकतात तिथून १ किलोमीटर मागे ते जेमतेम ५२ मीटर उंच असतं. ७९.८ मीटर पंखविस्ताराचं ए३८० १०० मीटर उंचीवरून थेट डोक्यावर आलं तर अख्खं टिपायला २३ मिमीच्या आसपास लागेल, टेलीफोटोचा तिथे संबंधच नाही.

निष्कर्ष: झूम हवी आणि तिचं लहान टोक १०० च्या जवळ हवं. वरचं टोक ४०० असलं तरी माझ्या बहुतेक विषयांना पुरेल, थोडं क्रॉप करावं लागेल. २०० पासून सुरू होणारी लेन्स अडचणीची.

१०-११ किलोमीटर उंचीवरून पांढरी रेघ सोडत जाणाऱ्या विमानांचा हिशोबही करून पाहिला. ६०० मिमी लावली तरी ७० मीटरचं जंबो सेन्सरवर ४ मिमी भरतं. काही लोक त्यातून सुंदर फोटो काढतात. माझा तो प्रांत नाही.

२१ जानेवारी

ओळखीतल्या एकाकडून डी७५०० आणि निकॉनची २००-५०० एफ/५.६ लेन्स उसनी मिळाली. आज फक्त प्रोपेलरची विमानं.

१/१००० सेकंदच शटर उघडं ठेवून काढलेलं सेसना बघवत नाही. फोटो लखलखीत आहे, नोंदणीची अक्षरं वाचता येतात, पण पंखा थिजलेला. इंजिन बंद पडलेलं विमान आभाळात टांगून ठेवल्यासारखं. प्रोपेलर फिरताना दिसला नाही तर बाकी सगळी धार व्यर्थ. याबाबतीत माझं मत ठाम आहे.

मग पंखा किती फिरला पाहिजे? सेसनाचं इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर धरलं तर सेकंदाला ४० फेऱ्या. १/१००० मध्ये पातं १४ अंश सरकतं, १/२५० मध्ये ५८ अंश, १/१२५ मध्ये ११५ अंश. पाती दोनच असल्यामुळे पूर्ण चकती दिसायची तर अर्धा फेरा हवा, म्हणजे १/८०.

एटीआर ७२ चं उलट. टेक-ऑफला त्याचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, सेसनाच्या निम्मे. पण पाती सहा. दोन पात्यांमध्ये ६० अंश, तेवढं १/१२० सेकंदात कापून होतं आणि चकती पूर्ण भरते. मोठं विमान, मंद पंखा, तरी शटर जवळपास तेच.

हेलिकॉप्टर सगळ्यात अवघड. रॉबिन्सन आर४४ चा मुख्य रोटर मिनिटाला ४०० च्या आसपास फिरतो, पाती दोन. १/६० ला पातं फक्त ४० अंश सरकतं. चिनूकचे रोटर तर २२५ फेऱ्यांवर, तिथे १/६० म्हणजे साडेबावीस अंश. शेपटीचा रोटर मात्र कित्येक पट वेगाने फिरतो, तो १/२५० लाही धूसर दिसतो.

म्हणजे माझं काम १/६० ते १/१६० या पट्ट्यात चालणार, तेही ४०० मिमीला, हातात धरून. सेकंदाला १० फ्रेम आणि १५३ बिंदू ही या कामाची पहिली गरज नाही, एवढं आज कळलं.

२२ जानेवारी

कालचे फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहिले. दोन गोष्टी खटकल्या, आणि दोन्हींचं मूळ एकच.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला १/१०० सेकंद ठेवलं की अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/१६ वर जातं. हा जुना फिल्मच्या काळचा हिशोब अजूनही चालतो. १/१२५ ला एफ/१४. काल बहुतेक फ्रेम एफ/१४ च्या आसपास पडल्या.

पहिली गोष्ट धूळ. एफ/५.६ ला जो कण दिसतही नव्हता तो एफ/१४ ला निळ्या आभाळात काळसर ठिपका होऊन बसतो. डोंगर किंवा झाडं असतील तर लपतो, आभाळात लपायला जागाच नाही. विमानांचे फोटो काढणाऱ्याला सेन्सरची धूळ इतरांपेक्षा जास्त छळते ती यामुळे.

दुसरी गोष्ट प्रकाशाचं विवर्तन. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, बिंदूचा ठिपका होतो. एफ/१४ ला हिरव्या प्रकाशाच्या या ठिपक्याचा व्यास १९ मायक्रॉनच्या जवळ. डी७५०० चा पिक्सेल ४.२ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू साडेचार पिक्सेलवर सांडतो. ९०डी चा पिक्सेल ३.२ मायक्रॉन, तिथे सहा पिक्सेलवर. मग ३२.५ मेगापिक्सेल घेऊन काय करायचं?

एफ/७.१ वर आलो तर ठिपका निम्मा होतो, धूळही बरीच विरघळते. त्यासाठी प्रकाश अडवायला हवा.

२८ जानेवारी

एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी करडी काच. एनडी४ दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा): १/१२५ ला एफ/१४ ऐवजी एफ/७.१. हेलिकॉप्टरला १/६० ठेवायचं तर एनडी८, तीन स्टॉप. पोलरायझरही दीड-दोन स्टॉप खातो आणि रंग गडद करतो, पण आभाळाचा एक कोपरा काळानिळा नि दुसरा फिकट होतो. शिवाय प्लॅस्टिकच्या कॅनोपीवर (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) आणि खिडक्यांवर इंद्रधनुषी पट्टे येतात. विमानांसाठी साधा एनडीच बरा.

व्ह्यूफाइंडर दोन स्टॉप अंधारतो. उन्हात चालून जातं, फोकसही अडखळला नाही. ढगाळ दिवशी फिल्टर काढायचा, तेव्हा त्याची गरजही नसते.

आता फिल्टरचा व्यास. २००-५०० ला ९५ मिमी. टॅमरॉन १५०-६०० जी२ आणि सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, दोन्हींना ९५. सिग्माच्या स्पोर्ट्स आवृत्तीला १०५. या मापाचे चांगले फिल्टर कमी मिळतात, महाग पडतात आणि खिशात मावत नाहीत. कॅनन १००-४०० च्या दुसऱ्या आवृत्तीला ७७. निकॉन ८०-४०० लाही ७७. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १००-४०० ना तर ६७ पुरतो.

पंखा फिरताना दिसायला हवा म्हणून शटर मंद, शटर मंद म्हणून फिल्टर, फिल्टरच्या मापावरून लेन्स. १४ तारखेचं फोकल लेंग्थचं गणितही १००-४०० कडेच बोट दाखवत होतं. लेन्सचा वर्ग ठरला.

४ फेब्रुवारी

दुपार वाया. तापलेल्या डांबरावरून उठणाऱ्या गरम हवेत विमानाच्या कडा लाटांसारख्या हलतात. फोकस चुकल्यासारखं वाटतं, पण चुकलेला नसतो. कुठल्याही बॉडीने, कुठल्याही लेन्सने हे सुटत नाही. सकाळी लवकर जावं, वर पाहून काढावं, अंतर कमी करावं. या कारणानेही ६०० मिमीचा मोह सुटला: इतक्या दूरच्या विमानाच्या आणि आपल्या मध्ये तितकी हवा असतेच.

११ फेब्रुवारी

लेन्सचा दिवस. कॅनन १००-४०० टू, निकॉन ८०-४०० आणि सिग्मा १००-४०० आलटून पालटून, तुलनेला २००-५०० होतीच.

२००-५०० चा फोटो सुरेख येतो, त्याबद्दल वाद नाही. पण ती २.३ किलोची आहे. विमान येईपर्यंत डोळ्याला लावून ठेवायची, मग कंबरेतून सावकाश फिरायचं. सकाळ संपता संपता खांदे बोलायला लागतात आणि पॅनिंगचा (विमानाबरोबर कॅमेरा फिरवण्याचा) ताल बिघडतो. झूमचं कडंही लांबलचक फिरवावं लागतं. विमान अंगावर येत असताना ५०० वरून २०० ला येईपर्यंत हात दोनदा बदलला.

कॅननची लेन्स दीड किलोच्या जराशी वर. तिच्या झूमला घट्ट-सैल करायचं कडं आहे, ते मधोमध ठेवलं की एका झटक्यात झूम होते आणि खाली धरली तर आपोआप लांबतही नाही. (हिची १९९८ ची पहिली आवृत्ती पुढेमागे ढकलून झूम व्हायची. धूळ ओढणारा पंप म्हणून तिची थट्टा करणारे अजून भेटतात.) मला महत्त्वाचा वाटला तो स्टॅबिलायझरचा (हाताची थरथर खाणाऱ्या यंत्रणेचा) तिसरा मोड. पहिला मोड स्थिर विषयांसाठी, दुसरा सरळ रेषेतल्या पॅनिंगसाठी. तिसऱ्यात व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोकळं राहतं आणि फक्त शटर उघडं असताना स्थिरीकरण होतं. वळणं घेणाऱ्या विमानामागे फिरताना चित्र मध्येच धरून ठेवल्यासारखं होत नाही. लेन्स आणि हात यांच्यातली ती ओढाताण थांबते.

निकॉन ८०-४०० वाईट नाही. ४०० ला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर कॅननची मला जास्त खणखणीत वाटली, एवढंच. सिग्मा सव्वा किलोच्या आत आहे आणि उन्हात तिचं एफ/६.३ असणं काही नडत नाही. ज्याला वजन टोचतं त्याने खुशाल तिचा विचार करावा, डी७५०० वर ती छान बसते. पण मला तिसरा मोड हवाहवासा वाटू लागलाय.

१८ फेब्रुवारी

पॅनिंगचं गणित, स्वतःला समजावण्यासाठी.

विमान सेकंदाला ५० मीटर जातंय, २०० मीटरवरून, समोरून आडवं. १/१२५ सेकंदात ते ०.४ मीटर सरकतं. ४०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर हे ०.८ मिमी होतं. ९०डी च्या पिक्सेलमध्ये मोजलं तर २५०. कॅमेरा अजिबात फिरवला नाही तर विमान २५० पिक्सेल फराटलेलं. फिरवला पण वेग ५ टक्क्यांनी चुकला, तर १२ पिक्सेल. १०० टक्के आकारात पाहिलं की तेही दिसतं. स्टॅबिलायझर आडव्या पॅनिंगमध्ये वर-खाली होणारी थरथर खातो, पुढे-मागे जुळवणं आपल्या कंबरेचं काम.

आणखी एक गोष्ट फोटोंमध्ये दिसते. विमान फार जवळून गेलं की नाक धारदार असतं तेव्हा शेपूट फराटतं. आपल्या डोळ्यापुरतं पाहिलं तर नाक आणि शेपूट वेगवेगळ्या कोनीय वेगाने सरकत असतात, कॅमेरा एकाशीच जुळतो. थोडं लांब उभं राहून ४०० मिमी वापरली की हा फरक घटतो. फार लांब गेलं की ४ फेब्रुवारीची गरम हवा. मधली जागा शोधायची.

म्हणून मंद शटरला भरपूर फ्रेम काढाव्या लागतात. ओळीतली एखादीच जुळते. बफरचा विषय इथे पुन्हा डोकं वर काढतो.

२५ फेब्रुवारी

फोकस. यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि विमानांच्या बाबतीत त्याची सगळ्यात कमी गरज आहे असं माझं मत बनत चाललंय. पक्षी दिशा बदलतो, फांदीआड जातो. विमान मोठं असतं, रिकाम्या आभाळात असतं आणि त्याची पुढची जागा आधीच माहीत असते. चारही बॉडी सेसनाला सहज पकडून ठेवतात.

अडते ती वेगळीच जागा. पांढरं विमान, त्याचं पांढरं गुळगुळीत पोट, त्यावर एकच बिंदू ठेवला तर फोकसला पकडायला काही सापडत नाही आणि लेन्स पुढे-मागे शोधत बसते. बिंदू कॉकपिटच्या खिडक्यांवर, नोंदणीच्या अक्षरांवर किंवा पंख धडाला जुळतो तिथे ठेवला की लगेच बसतो. क्रॉस बिंदू उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखतात, त्यामुळे डी७५०० मध्ये मधल्या १५ बिंदूंच्या बाहेर गेलो की फरक जाणवतो. त्यात बिंदू हलवायला जॉयस्टिकही नाही. डी७५०० बाद.

आभाळात झोन (बिंदूंचा गट), जमिनीलगत धावताना एकच बिंदू. मागे झाडं किंवा इमारती असतील तर झोन त्यांच्यावर उडी मारतो.

उरल्या डी५००, ७डी मार्क टू, ९०डी. लेन्स कॅननची ठरत असेल तर डी५०० ला निरोप द्यावा लागणार. तक्त्यात पहिला आलेला कॅमेरा असा लेन्समुळे बाहेर जातोय. वाईट वाटतं, कारण त्याचा व्ह्यूफाइंडर फार प्रशस्त आहे. ७डी मार्क टू चाही तसाच.

३ मार्च

पोटाचा प्रश्न. विमान वर असतं, ऊन त्याच्याही वर. आपल्याला दिसणारी खालची बाजू कायम सावलीत, आणि पाठीमागे उजळ आभाळ. पांढऱ्या धडाचा उजेडातला भाग जळू नये म्हणून एक्स्पोजर आवरतं घ्यावं लागतं, मग पोट काळं पडतं. घरी रॉ फाइलमध्ये सावल्या उचलाव्याच लागतात. निसर्गदृश्य काढणाऱ्याला हे कधीतरी करावं लागतं, इथे जवळजवळ प्रत्येक फ्रेमला.

त्यामुळे आयएसओ १०० ला सेन्सर सावल्यांमध्ये किती स्वच्छ आहे हे सेकंदाला किती फ्रेम यापेक्षा मोठं. ७डी मार्क टू आणि ९०डी, तीच लेन्स, तीच सेटिंग, एकाच सकाळी. दोन्हींच्या सावल्या तीन स्टॉप उचलल्या. ७डी मार्क टू मध्ये पोटावर दाणे आणि रंगांचे डाग उठतात. ९०डी मध्ये दाणे आहेत, पण एकसारखे आणि बारीक. चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या वेगळ्या ओळखू येतात. ७डी मार्क टू चा सेन्सर २०१४ चा आहे, मधल्या पाच वर्षांत कॅननने आयएसओ १०० ची ही बाजू सुधारली. ते इथे उघड दिसतं.

एफ/७.१ वर काम चाललं तर ९०डी चे बारीक पिक्सेलही थोडेफार कामी येतात. एनडी फिल्टर नसता तर आले नसते.

१० मार्च

९०डी चं बफर. दहाच्या वेगाने अडीच सेकंदांत भरतं आणि मग कॅमेरा धापा टाकतो. विमान समोरून जाण्याचा खरा क्षण तेवढाच असतो, पण हेलिकॉप्टर १/६० ला काढताना लांब ओळ हवी. दोन उपाय करून पाहिले. सी-रॉ ही आकुंचित रॉ फाइल निवडली की ओळ बरीच लांबते, आणि सावल्या उचलताना मला तरी फरक दिसला नाही. शिवाय वेग एक पायरी खाली आणला. मंद शटरला दहा फ्रेमची गरजही नाही.

आणखी एक. जेट आणि प्रोपेलर एकामागोमाग येतात. १/१००० वरून १/१२५, त्याबरोबर आयएसओ, स्टॅबिलायझर, फोकसचा झोन. इतकं सगळं एका मिनिटात बदलायचं म्हणजे विमान निघून जातं. मोड डायलवर साठवलेली जागा हवीच. ७डी मार्क टू ला अशा तीन जागा, ९०डी ला दोन. डी५०० ला डायलवर अशी जागाच नाही, मेनूत बँका आहेत. डी५०० गेल्याचं दुःख आज बरंच कमी झालं.

तीनच्या जागी दोन म्हणजे हेलिकॉप्टरसाठी हाताने १/६० वर यावं लागेल. दुसऱ्या मोडमधून डायलचे तीन टिचके, चालेल.

१६ मार्च

ठरलं. कॅनन ९०डी आणि ईएफ १००-४०० एफ/४.५-५.६ एल आयएस टू. दोन्ही वापरलेली. बॉडी ७०१ ग्रॅमची आहे, लेन्सशी जोडून सव्वादोन किलोच्या आसपास. डी५०० आणि २००-५०० ची जोडी तीन किलोच्या पुढे जात होती. पुढे मिररलेसकडे गेलो तर ही लेन्स कॅननच्याच अडॅप्टरवर चालेल, म्हणून पैशाचा मोठा भाग लेन्सवर घातला, बॉडीवर नाही.

घेताना तपासलं ते: शटर किती वेळा उडालं. कॅननमध्ये ते फोटोच्या माहितीत दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं. ९०डी चं शटर १,२०,००० वेळांसाठी तपासलेलं असतं. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहिली. जाळीसारखं काही दिसलं असतं तर तिथूनच परतलो असतो. झूम पूर्ण लांबवून डगमगते का ते पाहिलं. स्टॅबिलायझर चालू-बंद करून आवाज ऐकला. एफ/१६ ला मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढला, आणि हा सगळ्यात उपयोगी निघाला. त्यात सेन्सरवर धूळ किती आणि कुठे, सगळं उघडं पडतं. चार-पाच ठिपके होते, फुंकणीने गेले.

२३ मार्च

फोकस जुळवणी. सपाट, ठळक रेघा असलेलं लक्ष्य लांब ठेवून, स्टॅबिलायझर बंद, ट्रायपॉडवर. (हो, यासाठी ट्रायपॉड लागतोच. उसना आणला.) ९०डी मध्ये झूमच्या १०० आणि ४०० टोकांची दुरुस्ती वेगवेगळी साठवता येते. १०० ला काही लागलं नाही, ४०० ला फोकस किंचित मागे पडत होता, तो पुढे घेतला. हे न करता फोकसबद्दल तक्रार करणाऱ्यांचं मी यापुढे ऐकणार नाही.

सेटिंग साठवली. सी१ जेटसाठी: मॅन्युअल, १/१०००, एफ/७.१, आयएसओ आपोआप, झोन फोकस. सी२ प्रोपेलरसाठी: शटर प्राधान्य, १/१२५, आयएसओ १०० वर बांधलेला, सी-रॉ, बर्स्ट (सलग फ्रेमचा वेग) एक पायरी मंद. आपोआप अद्ययावत होण्याचा पर्याय दोन्हीकडे बंद ठेवला, म्हणजे कॅमेरा बंद-चालू केला की साठवलेलं परत येतं. स्टॅबिलायझरचा मोड लेन्सवरच्या बटणाने बदलतो, तो काही सी१-सी२ मध्ये साठवता येत नाही, म्हणून कायम तिसऱ्यावर. ढगाळ आभाळात सी२ ला एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वर, नाहीतर विमानाची नुसती सावली उरते.

३० मार्च

नव्या जोडीवर एनडी४ लावून पहिली सकाळ. सेसना १/१२५, एफ/७.१, आयएसओ १००. पंख्याची धूसर वर्तुळं, अक्षरं स्पष्ट, आभाळात ठिपका नाही. १/८० ला पूर्ण चकती मिळाली, पण धारदार फ्रेम फारच कमी. सध्या १/१२५ वरच राहणार.

आर४४ साठी १/६० ला एनडी४ लावून एफ/१० येतं, जरा जास्तच. ७७ मिमीचा एनडी८ मागवला आहे. एनडी४ वर एनडी८ चढवून चालणार नाही, पाच स्टॉप होतात आणि फोकस शोधत बसतो.